मेडल नाही म्हणजे लढाईत नव्हते का? (भाग लिखित स्वरूपात)

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोलताना वाक्यं अर्धवट सुटतात, ती इथे जोडून घेतली आहेत. बाकी तसंच ठेवलंय.

आजचा विषय माझ्या आजीने दिला. म्हणजे तिला माहीत नाही की तिने दिला. माझी आजी, आईची आई, रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका गावात वाढली. तिचे वडील, म्हणजे माझे पणजोबा, बोटीवर होते. आपल्या कोकणात 'बोटीवर असणं' म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. दर दोन घरांआड एक माणूस बोटीवर असायचा. गणपतीला आला तर आला, नाहीतर मनीऑर्डर.

तर आजी सांगते, तिच्या लहानपणी १५ ऑगस्टला शाळेत झेंडावंदन झालं की गावातल्या फौजी मंडळींना वर बोलवायचे. पहिल्या-दुसऱ्या लढाईतून आलेले लोक. छातीवर मेडल लावून यायचे, खुर्चीवर बसायचे. आणि तिचे वडील खाली, सतरंजीवर, बाकी गावाबरोबर. एकदा तिने घरी विचारलं, "बाबा, तुम्ही पण होतात ना लढाईत?" तर ते म्हणाले, "आम्ही कोळसा टाकीत होतो."

आजीचं वय आज ८३. मागच्या दिवाळीत तिने मला पुन्हा विचारलं, "तू कंपूटरवाला आहेस ना, बघ जरा. बाबा लढाईत होते काय रे, का नव्हते? मेडल तर कधी आलं नाही."

मी बघायला बसलो. वाटलं दोन तासांचं काम आहे. चार महिने गेले. त्यातून जे कळलं ते आज सांगतो.

आधी हे लोक कोण ते समजून घेऊ

नौदल वेगळं आणि व्यापारी जहाजं वेगळी. नौदलातला माणूस गणवेशातला, शपथ घेतलेला, सरकारच्या पगारावरचा. व्यापारी जहाजावरचा खलाशी मात्र एका खाजगी कंपनीचा नोकर. त्याचा करार एका फेरीचा. फेरी संपली, करार संपला. कायद्याच्या नजरेत तो तुमच्या-माझ्यासारखा नागरिक.

पण महायुद्धात ब्रिटन हे बेट जगलं कोणावर? बाहेरून येणाऱ्या धान्यावर, तेलावर, दारूगोळ्यावर. आणि ते आणत होती ही व्यापारी जहाजं. त्यामुळे जर्मन पाणबुड्यांचं पहिलं लक्ष्य तीच होती.

आता या जहाजांवर माणसं कुठली? पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटिश व्यापारी जहाजांवर सुमारे ५१ हजार 'लस्कर' होते, म्हणजे मुख्यतः हिंदुस्थानी खलाशी. सिल्हेट-चितगावचे होते, पंजाब-सरहद्दीकडचे होते आणि आपल्या रत्नागिरीचे, गोव्याचेही होते. मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवर कामाची वाटणीच ठरून गेली होती. डेकवर कोकणातली माणसं, त्यांच्यावर सारंग, त्याच्या खाली टंडेल. स्वयंपाकघरात आणि सलूनमध्ये गोव्याचे लोक. त्यांचे मुंबईत धोबीतलाव-माझगावच्या बाजूला गावागावांचे 'कूड' असायचे. बोट मिळेपर्यंत तिथे पेटी ठेवायची, झोपायचं. आणि खाली इंजिनरूममध्ये आगवाले आणि कोळसेवाले. माझे पणजोबा कोळसेवाले. कोळशाच्या कोठारातून कोळसा ओढत भट्टीपर्यंत आणायचा, हे त्यांचं काम.

टॉर्पेडो लागतो तो बहुतेक वेळा पाण्याखाली, जहाजाच्या पोटात. तिथे काम करणारा माणूस कोण? हाच.

नागरिकाला पदक द्यायचं कसं?

इथे सरकारची गंमत झाली. गंमत म्हणजे, तिढा झाला. लढाईतल्या शौर्याची पदकं सैन्याची. आणि हे तर सैनिक नाहीत.

एक उदाहरण देतो. मार्च १९१७. 'ओटाकी' नावाचं ब्रिटिश मालवाहू जहाज अटलांटिकमध्ये 'मोवं' या जर्मन युद्धजहाजाच्या तावडीत सापडलं. मोवं हे मालवाहू जहाजाचा वेष घेतलेलं, चांगल्या चार-पाच तोफांचं जहाज. ओटाकीवर तोफ एकच. कप्तान आर्चिबाल्ड बिसेट स्मिथ. थांबायला सांगितलं तर थांबला नाही. झुंज दिली, मोवंचं चांगलंच नुकसान केलं, शेवटी आपल्या माणसांना बोटीत उतरवलं आणि स्वतः जहाजाबरोबर बुडाला.

व्हिक्टोरिया क्रॉस द्यावा असं सगळ्यांचं मत. पण तो तर नागरिक! मग काय केलं असेल? युद्ध संपल्यावर, तो मेल्यावर, त्याला कागदोपत्री नौदलाच्या राखीव दलात तात्पुरता लेफ्टनंट म्हणून नेमलं. आणि मग १९१९ मध्ये त्या 'लेफ्टनंट'ला व्हिक्टोरिया क्रॉस दिला. आमच्या भाषेत सांगायचं तर डेटा नियमात बसत नव्हता, म्हणून मागच्या तारखेने डेटा बदलला. नियम तसाच ठेवला.

तुम्ही म्हणाल, एवढा कीस कशाला? दिलं असतं नागरिकालाच. पण या फरकावर माणसाचा जीव जाऊ शकत होता. दुसरी गोष्ट ऐका.

चार्ल्स फ्रायट. हाही व्यापारी जहाजाचा कप्तान. मार्च १९१५ मध्ये एका जर्मन पाणबुडीने त्याला थांबायचा इशारा केला, तर याने जहाज सरळ तिच्या अंगावर घातलं. पाणबुडीला बुडी मारून पळावं लागलं. इंग्लंडमध्ये कौतुक झालं. ब्रिटिश नौदल खात्याने त्याला सोन्याचं घड्याळ दिलं, त्यावर त्या पराक्रमाचा मजकूर कोरून. जून १९१६ मध्ये जर्मनांनी त्याचं जहाज पकडलं. घड्याळ त्याच्याजवळच सापडलं. जर्मन लष्करी न्यायालयाने म्हटलं, तू सैनिक नाहीस, म्हणजे तुला हल्ला करायचा अधिकार नाही. घड्याळावरचा मजकूर पुरावा झाला. २७ जुलै १९१६ ला ब्रुजमध्ये त्याला गोळ्या घातल्या.

म्हणजे बघा, हल्ल्याच्या वेळी हा माणूस शत्रूच्या दृष्टीने युद्धाचा भाग. तो उलटून लढला की लगेच नागरिक, म्हणून गुन्हेगार. आणि मरणानंतर पदक द्यायची वेळ आली की पुन्हा नागरिक, म्हणून अपात्र. तिन्ही बाजूंनी नुकसान त्याचंच.

१९१९ चं पदक

युद्ध संपल्यावर ब्रिटनने खास या लोकांसाठी एक पदक काढलं, 'मर्कंटाईल मरीन वॉर मेडल'. ब्राँझचं. ते देणारं खातं लष्कराचं नव्हतं, व्यापाराचं होतं, बोर्ड ऑफ ट्रेड. अट अशी की, धोक्याच्या क्षेत्रातून निदान एक फेरी केलेली असावी. साधारण १ लाख ३३ हजार पदकं दिली गेली.

मला या पदकाची फीत फार आवडली. एका कडेला हिरवा, दुसऱ्या कडेला लाल, मध्ये पांढरा पट्टा. जहाजाच्या उजव्या अंगाला हिरवा दिवा असतो, डाव्या अंगाला लाल, आणि डोलकाठीवर पांढरा. रात्री समुद्रात समोरून जहाज येताना जे दिसतं, तेच फितीवर. मागच्या बाजूला उसळत्या समुद्रातून जाणारी आगबोट आणि बुडणारी पाणबुडी. आणि कडेवर कोरलेलं फक्त नाव. हुद्दा नाही, नंबर नाही, जहाजाचं नाव नाही. त्या युद्धातल्या साध्या सैनिकाच्या पदकावर हुद्दा, नंबर असायचा. इथे कप्तान असो की कोळसेवाला, नुसतं नाव.

दुसरं महायुद्ध: पदकं भरपूर, पण...

१९३९ नंतर चित्र बदललं. व्यापारी खलाशांसाठी वेगळं पदक काढलंच नाही. सैनिकांना जे 'स्टार', तेच यांना. १९३९-४५ स्टार, अटलांटिक स्टार, आफ्रिका, पॅसिफिक, बर्मा, इटली वगैरे, आणि शेवटी वॉर मेडल. सहा टोकांचे ब्राँझचे तारे. जुन्या बाजारात किंवा ऑनलाइन विकायला असलेले कधीतरी पाहिले असतील तुम्ही.

अटी मी आजीसाठी अशा लिहून काढल्या होत्या:

वॉर मेडल हवं असेल तर समुद्रावर २८ दिवसांची सेवा.

१९३९-४५ स्टार हवा असेल तर सहा महिने सेवा, आणि त्यात निदान एक फेरी युद्धक्षेत्रातून. सेवेतच मृत्यू आला किंवा अपंगत्व आलं तर सहा महिन्यांची अट नाही.

अटलांटिक स्टार हवा असेल तर आधी १९३९-४५ स्टारची पात्रता पूर्ण झालेली असली पाहिजे.

याशिवाय शौर्यासाठी वेगळी पदकं होती. त्यातलं एक तर चक्क विमावाल्यांनी काढलं! लंडनच्या लॉइड्सने. जहाजांचा विमा तेच उतरवायचे ना. त्यांचं चांदीचं युद्धपदक पाचशेच्या आसपास लोकांना मिळालं. त्यात व्हिक्टोरिया ड्रमंड ही बाई आहे, जहाजावरची इंजिनियर. ऑगस्ट १९४० मध्ये तिच्या जहाजावर विमानातून बॉम्ब पडत होते, तेव्हा तिने बाकी सगळ्यांना इंजिनरूममधून वर पाठवलं आणि एकटीने इंजिन चालू ठेवलं. आमच्या क्षेत्रात रात्री दोनला सर्व्हर पडला की आम्ही स्वतःला शूर समजतो. असो.

आता मुद्द्यावर येतो. सैन्यात तुमची नोंद तुमच्या पलटणीकडे असते. व्यापारी खलाशाला पलटण कुठली? आज या कंपनीच्या बोटीवर, उद्या त्या. त्यामुळे युद्धानंतर नियम ठेवला गेला तो असा: ज्याला पदक हवं त्याने अर्ज करावा. स्वतःहून. आपल्या फेऱ्यांच्या नोंदी दाखवून.

ब्रिटनच्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये 'बीटी ३९५' म्हणून एक संग्रह आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या व्यापारी खलाशांच्या पदकांच्या नोंदी. किती काळाच्या? १९४६ ते २००२. म्हणजे युद्ध संपल्यावर पन्नास-पंचावन्न वर्षं लोक अर्ज करतच होते. आणि त्या यादीत नाव नसणं याचा अर्थ 'पात्र नव्हता' असा होत नाही. अर्थ एवढाच की 'मागितलं नाही'.

प्रोग्रामिंग करणाऱ्यांना हा फरक पहिल्या वर्षी शिकवतात. 'फॉल्स' वेगळं आणि 'नल' वेगळं. रकाना रिकामा आहे म्हणजे उत्तर 'नाही' असं नसतं. उत्तर भरलेलंच नसतं. माझ्या आजीने, तिच्या गावाने, त्या शाळेच्या हेडमास्तरांनी सत्तर वर्षं रिकामा रकाना 'नाही' असा वाचला.

अर्ज कोण करणार होतं?

विचार करा. १९४६-४७. खाडीकाठचं गाव. माणसाला सही येते, तीही मोडीत. अर्ज इंग्रजीत. आणि युद्ध चालू असताना याच माणसांशी वागणूक कशी होती?

हिंदुस्थानी खलाशांचे करार वेगळे, 'लस्कर करार'. पगार ब्रिटिश खलाशाच्या पाव ते तिसरा हिस्सा. झोपायला जागा कमी, शिधा वेगळा. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच ब्रिटनमधल्या आणि बाहेरच्या बंदरांत हिंदुस्थानी खलाशांनी संप केले. म्हणाले, मरणाचा धोका वाढलाय, तर पगार वाढवा. कित्येकांना तुरुंगात टाकलं. शेवटी वाढ द्यावी लागली, कारण यांच्याशिवाय जहाजं हलेनात.

खुद्द ब्रिटिश खलाशांचीही स्थिती अशी होती की जहाज बुडालं की त्या दिवशी पगार बंद. बुडालेल्या जहाजावर नोकरी कसली? माणूस लाइफबोटीत आठ दिवस तहानेने तडफडतोय आणि तिकडे हिशेबात त्याची नोकरी संपलेली. १९४१ मध्ये नवा आदेश आला तेव्हा कुठे हे बदललं.

लाइफबोटीवरून आठवलं. सप्टेंबर १९४० मध्ये 'सिटी ऑफ बनारस' ही बोट अटलांटिकमध्ये बुडवली गेली. इंग्लंडमधली लहान मुलं कॅनडाला सुरक्षित पाठवत होते. ९० मुलांपैकी ७७ गेली. ही गोष्ट इंग्लंडमध्ये सगळ्यांना माहीत असते. त्या बोटीवरचे बहुतेक खलाशी हिंदुस्थानी होते आणि शंभराच्या आसपास बुडाले, हे किती जणांना माहीत असतं? आठ दिवसांनी जी शेवटची लाइफबोट सापडली, तिच्यात ४६ जण होते. त्यातले ३२ लस्कर.

दुसऱ्या महायुद्धात एकूण सुमारे ६,६०० हिंदुस्थानी व्यापारी खलाशी मेले. हजाराहून जास्त जखमी, बाराशेच्या आसपास शत्रूच्या कैदेत.

त्यांचं स्मारक आहे का? आहे, आणि आपल्या मुंबईतच आहे. मस्जिद बंदरला, पी. डिमेलो रोडच्या बाजूला, इंडियन सेलर्स होममध्ये. पहिल्या युद्धातले दोन हजारांहून जास्त आणि दुसऱ्या युद्धातले सुमारे सहा हजार, ज्यांना समुद्राशिवाय दुसरी कबर नाही, त्यांची आठवण तिथे ठेवलेली आहे. मी कॉलेजची चार वर्षं मुंबईत काढली. त्या रस्त्याने किती वेळा गेलोय. एकदाही माहीत नव्हतं.

उशीर सगळीकडेच झाला

हे फक्त आपल्या लोकांच्या बाबतीत झालं असं समजू नका. आर्क्टिक समुद्रातून रशियाला माल पोचवणाऱ्यांसाठीचा वेगळा 'आर्क्टिक स्टार' ब्रिटनने दिला २०१३ मध्ये. तोपर्यंत बहुतेक जण गेलेले. अमेरिकेने युद्धात खलाशांना पदकं दिली, पण माजी सैनिकांच्या सवलती, शिक्षण, घरकर्ज, दवाखाना, यातलं काही दिलं नाही. त्यासाठी लोक कोर्टात गेले, तेव्हा १९८८ मध्ये त्यांना माजी सैनिकाचा दर्जा मिळाला. म्हणजे दर्जा मिळाला तेव्हा वय साठीच्या पुढे. आणि तिथल्या संसदेचं सुवर्णपदक त्यांना मिळालं २०२२ मध्ये.

मग पणजोबांचं काय?

घरी एकच कागद होता. त्यांची सीडीसी, म्हणजे खलाशाची नोंदवही. कव्हर फाटलेलं, आत प्रत्येक फेरीची ओळ: जहाज, चढल्याची तारीख, उतरल्याची तारीख. एक ओळ अशी: मुंबईहून चढले नोव्हेंबर १९४१ मध्ये, मुंबईलाच उतरले ऑगस्ट १९४२ मध्ये. नऊ महिने. सहाची अट इथेच पूर्ण.

आता फेरी युद्धक्षेत्रातून होती का? त्यासाठी 'बीटी ३८९' नावाचा दुसरा संग्रह आहे, युद्धकाळातल्या व्यापारी जहाजांची हालचाल-कार्डं. जहाजाचं नाव माहीत असेल तर थोडे पैसे भरून कार्डाचा स्कॅन मिळतो. मी मागवला. हाताने लिहिलेल्या ओळी. भूमध्य समुद्राचा रस्ता तेव्हा बंद असल्यामुळे बोट मुंबईहून आफ्रिकेला पूर्ण वळसा घालून गेलेली. केपटाऊन, फ्रीटाऊन, मग ताफ्याबरोबर लिव्हरपूल. आणि तसंच परत. १९४२ चं अटलांटिक. पाणबुड्यांचा सगळ्यात वाईट काळ.

म्हणजे वॉर मेडल, पात्र. १९३९-४५ स्टार, पात्र. अटलांटिक स्टारच्या हिशेबात मी पडलो नाही.

मागच्या महिन्यात गावी गेलो आणि आजीला सगळं वाचून दाखवलं. म्हटलं, "आजी, ते लढाईत होते. मेडल लागू होतं. कोणी मागितलं नाही म्हणून आलं नाही." वारसालाही अर्ज करता येतो, करू का, असंही विचारलं.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने मेडलचं विचारलंच नाही. म्हणाली, "त्या कार्डावर तारखा आहेत ना? मे महिना बघ. मी झाले तेव्हा ते कुठे होते?"

तिला लहानपणापासून एवढंच सांगितलेलं, तू झालीस तेव्हा बाबा बोटीवर होते. कुठल्या, कुठे, कोणाला माहीत नव्हतं. मी कार्ड उघडलं. मे १९४२. परतीचा प्रवास. फ्रीटाऊन.

"ते कुठे आलं?"

मोबाईलवर नकाशा काढून दाखवला. आफ्रिकेचा पश्चिम किनारा. तिने बोटाने तिथून खाली, वळसा घालून, वर रत्नागिरीपर्यंत रेघ ओढली. म्हणाली, "एवढं लांब कोळसा टाकीत आले."

अर्ज भरलाय. येईल तेव्हा येईल.

तुमच्या घरी कोणाची जुनी सीडीसी असेल, पेटीत, माळ्यावर, तर टाकू नका. जहाजाचं नाव आणि दोन तारखा, एवढं वाचता आलं तरी पुष्कळ झालं. आणि घरात बोटीवर गेलेल्याची मुलं-मुली अजून असतील तर त्यांना आधी विचारा, त्यांना नेमकी कुठली तारीख हवी आहे.

भेटू पुढच्या भागात.